टीसी१ टेस्टर: जुन्या कॉम्प्युटरचे सुटे भाग ओळखायला घ्यावा का?

घ्यावा. पण आधी एक बरा मल्टिमीटर आणि एक भिंग घ्या, टेस्टर त्यानंतर. जाहिरातीत ‘कुठलाही कंपोनंट ओळखतो’ असं लिहिलेलं असतं, ते खरं नाही. जे ओळखतो ते मात्र इतकं नेमकं ओळखतो, की माझ्या टेबलावरून आता हा टेस्टर हलत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

मी साताऱ्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की मुलांना एकदम सगळं हवं असतं: ट्रान्झिस्टर, मॉस्फेट, पंखा, बझर, हीटसिंक. नवीन आणायचं तर मागणीपत्र, तीन कोटेशनं, मंजुरी. तोवर प्रदर्शन होऊन जातं. म्हणून गावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांकडून मेलेले एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) आणि मदरबोर्ड मी भंगाराच्या भावानं उचलते. पुण्याला जाणं झालं आणि रविवार असला, तर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एक फेरी होते. कॉलेजच्या स्वतःच्या जुन्या कॉम्प्युटरना मात्र मी हात लावत नाही. ते डेड स्टॉक रजिस्टरला असतात, निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करणं, झाल्याशिवाय त्यातला स्क्रूसुद्धा काढायचा नसतो, आणि निर्लेखन झाल्यावर ते अधिकृत ई-कचरा उचलणाऱ्याकडेच जायला हवेत. ही शिस्त मला योग्य वाटते. बोर्ड जाळून नाहीतर ॲसिडात बुडवून त्यातलं सोनं-तांबं काढणारे लोक स्वतःची फुप्फुसं आणि आसपासचं पाणी दोन्ही नासवतात. आपण सुटे भाग काढले तरी उरलेला बोर्ड नेमका त्यांच्याकडे जाणार नाही, एवढं बघायलाच हवं.

काढणं सोपं असतं, अवघड असतं ते ओळखणं. एका संध्याकाळी डबाभर माल निघतो आणि आठवड्यानं त्या डब्यात बघितलं तर कुठला डायोड (एकाच दिशेनं वीज जाऊ देणारा) आणि कुठला झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलट दिशेनंही उघडणारा डायोड) हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. अशा डब्यातून मुलांना वस्तू देणं म्हणजे त्यांचा प्रयोग बिघडवणं. टेस्टर मी या एकाच कारणासाठी घेतला.

वस्तू अशी आहे. तळहातात मावणारी प्लास्टिकची डबी, १.८ इंची रंगीत पडदा, खटका वर-खाली करून पाय पकडणारं चौदा भोकांचं सॉकेट, आणि एकच बटन. आत लिथियम बॅटरी आहे आणि ती जुन्या मोबाइलच्या मायक्रो यूएसबी चार्जरवर चार्ज होते. सोबत टोकाला हूक असलेल्या तीन वायरी येतात. सॉकेटच्या भोकांवर १, २, ३ हे आकडे पुन्हापुन्हा छापलेले आहेत, आणि एका कडेला ‘के-ए-ए’ असा वेगळा भाग आहे. मला हा टेस्टर पंधराशेच्या आत मिळाला. याच कुळातला एलसीआर-टी४ आणखी स्वस्त मिळतो. त्याला बहुतेक वेळा डबी नसते, उघडाच बोर्ड असतो, आणि तो नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालतो.

या टेस्टरचं मूळ जर्मनीत आहे. मार्कुस फ्रेयेक यांनी एका छोट्या एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर ट्रान्झिस्टर ओळखणारं सर्किट केलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कार्ल-हाइन्झ क्युबेलर यांनी पुढे त्यात कपॅसिटरचा ईएसआर (आतला रोध), कॉइल, ट्रायॅक (गेटनं चालू होणारा विजेचा स्विच) असं बरंच वाढवलं, आणि टेस्टर नेमकं काय करतो हे पानंच्या पानं लिहून ठेवलं. चिनी कारखान्यांनी ते उचलून हजारोंनी बनवलं. विकणारे या दोघांचं नाव फारसं घेत नाहीत, म्हणून मी मुद्दाम घेते.

तो काम कसं करतो हे मी अकरावीच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवते, कारण ते समजलं की त्याच्या मर्यादाही आपोआप समजतात. तीन पाय आहेत. टेस्टर प्रत्येक पायाला आळीपाळीनं कधी पाच व्होल्ट देतो, कधी जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडतो, कधी मोकळा सोडतो. जोडतो ते कधी थेट, कधी ६८० ओहमच्या रोधातून, कधी ४७० किलोओहमच्या. प्रत्येक वेळी कुठल्या पायावर किती व्होल्ट उरले ते मोजतो. दोन पायांत एकाच दिशेनं वीज गेली तर डायोड. तिसऱ्या पायाला किंचित वीज दिल्यावर उरलेल्या दोघांत रस्ता खुला झाला तर ट्रान्झिस्टर. वीज न घेता नुसत्या व्होल्टेजवर खुला झाला तर मॉस्फेट. म्हणजे हे सगळं पाच व्होल्ट आणि फार तर सहा-सात मिलिअँपिअर एवढ्यात चालतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एसएमपीएस. जुन्या कॉम्प्युटरमधली मला सर्वांत आवडणारी वस्तू हीच. मदरबोर्डावर सगळं बारीक आणि घट्ट चिकटवलेलं असतं. जुन्या एटीएक्स एसएमपीएसमध्ये भाग मोठे असतात, पाय लांब असतात, आणि एका बोर्डातून वर्षभराच्या प्रयोगांचं सामान निघतं.

पण उघडण्याआधी थांबा. आपल्या २३० व्होल्टचं शिखर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जातं. ते आत दोन मोठ्या, दोनशे व्होल्टच्या, एकापुढे एक जोडलेल्या कपॅसिटरांवर साठतं. त्यांच्यावर रोध लावलेले असतात आणि ते हळूहळू रिकामे व्हायला हवेत. हवेत एवढंच. पिन काढून ठेवलेल्या, बरेच दिवस पडून असलेल्या एसएमपीएसलाही मी रिकामाच असेल असं धरत नाही. होल्डरमध्ये साधा पिवळा बल्ब, त्याच्या दोन वायरी कपॅसिटरच्या पायांना, आणि मग मल्टिमीटरवर शून्याच्या जवळ आलं की पुढचं काम. पेचकस टेकवून ठिणगी पाडायची पद्धत मी मुलांना दाखवत नाही आणि कुणी दाखवत असेल तर थांबवते. टेस्टरच्या दृष्टीनंही हे महत्त्वाचं आहे: त्याचे पाय जवळजवळ थेट आतल्या चिपला जोडलेले असतात. चार्ज असलेला कपॅसिटर सॉकेटात घातला की टेस्टर तिथेच संपतो. दहा व्होल्टचा छोटा कपॅसिटरसुद्धा मी आधी दोन्ही पाय जोडून रिकामा करते.

बोर्डाच्या एका बाजूला हाय व्होल्टेज, दुसऱ्या बाजूला बारा आणि पाच व्होल्ट, आणि मध्ये भिंतीसारखे उभे तीन ट्रान्सफॉर्मर: मोठा मुख्य, छोटा ड्रायव्हर, आणि स्टँडबायचा, म्हणजे कॉम्प्युटर बंद असतानाही थोडी वीज देणारा. हाय व्होल्टेजच्या बाजूला हीटसिंकवर बहुधा दोन १३००७ किंवा १३००९ ट्रान्झिस्टर असतात. टेस्टरात १३००७ घातला की एनपीएन, कुठला पाय कुठला, आणि गेन, म्हणजे बेसची वीज किती पट वाढते तो आकडा, वीस-पंचवीसच्या आसपास असं दाखवतो. गेन कमी म्हणून बिघडलेला समजू नका. या जातीचा ट्रान्झिस्टर असाच असतो. पण इथेच पहिली मर्यादा येते. हा ट्रान्झिस्टर चारशे व्होल्ट सोसायला बनवलेला आहे आणि टेस्टर त्याची परीक्षा घेतो पाच व्होल्टवर. पडद्यावर छान चित्र आलं म्हणजे तो दोनशे व्होल्टला गळत नाही, असं नव्हे. म्हणून काढलेले १३००७ मी परत कधी मेनवरच्या कामाला देत नाही. बारा व्होल्टचा पंखा किंवा दिव्यांची माळ चालू-बंद करायला ते उत्तम चालतात, आणि मुलांच्या हातात बारा व्होल्टच्या वर काही जाऊही नये.

दुसऱ्या हीटसिंकवर तीन पायांचे, ट्रान्झिस्टरसारखेच दिसणारे जोड-डायोड असतात. नवखी मुलं त्यांना हमखास ट्रान्झिस्टर म्हणतात. टेस्टर दोन डायोड काढून दाखवतो, कॅथोड (वीज बाहेर पडते ते टोक) एकत्र, आणि प्रत्येकाचं फॉरवर्ड व्होल्टेज, म्हणजे वीज जाताना डायोडवर पडणारं व्होल्टेज, लिहितो. हा आकडा सोन्यासारखा आहे. दोनशे मिलिव्होल्टच्या आगेमागे आला तर शॉट्की, सहाशेकडे झुकला तर साधा वेगवान सिलिकॉन डायोड. छपाई पुसलेली असली तरी फरक लगेच कळतो. सोलर पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये लावायला शॉट्की हवा असतो, आणि तो मला आता विकत आणावा लागत नाही.

मग येतात छोटे काळे, अर्धगोल ट्रान्झिस्टर. इथे टेस्टरनं माझं सर्वांत जास्त काम हलकं केलंय. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या प्रत्येकाचा पहिला ट्रान्झिस्टर बीसी५४७. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. हे डोक्यात इतकं पक्कं बसतं, की एसएमपीएसमधून निघालेला सी९४५ मुलं डोळे झाकून तसाच लावतात. तो जपानी वळणाचा: एमिटर, कलेक्टर, बेस. अमेरिकी २एन३९०४ आणखी निराळा: एमिटर, बेस, कलेक्टर. तिन्ही एनपीएन, तिन्ही दिसायला एकसारखे. जपानी नावात पुढचं ‘२एस’ छापलेलंच नसतं, म्हणून सी९४५ म्हणजे २एससी९४५ आणि ए७३३ म्हणजे २एसए७३३. ए आणि बी असेल तर पीएनपी, सी आणि डी असेल तर एनपीएन. एवढं माहीत असलं तर जात कळते, पाय कळत नाहीत. टेस्टर चित्र काढून प्रत्येक पायावर १, २, ३ लिहितो आणि वाद मिटतो.

आणि झेनर. एसएमपीएसमध्ये नारिंगी काचेचे, काळी पट्टी असलेले बारीक डायोड खूप असतात. त्यातले काही १एन४१४८, काही झेनर, आणि डोळ्यांना दोघांत काही फरक दिसत नाही. भिंगातून कधी ‘५व्ही१’ किंवा ‘सी१२’ अशी अक्षरं वाचता येतात, पण बऱ्याचदा सोल्डरिंगच्या उष्णतेनं आणि धुळीनं ती गेलेली असतात. साध्या १-२-३ भोकांत बारा व्होल्टचा झेनर घातला तर टेस्टर त्याला सरळ डायोड म्हणून सांगतो, कारण त्याच्याकडे देण्यासारखे पाचच व्होल्ट आहेत. टीसी१ चा तो ‘के-ए-ए’ भाग याच कामाचा आहे. तिथे आतून जास्त व्होल्टेज तयार करून तीस व्होल्टपर्यंतचा झेनर मोजला जातो. कॅथोड, म्हणजे पट्टीची बाजू, के मध्ये घालायची. बारावीच्या मुलांना झेनरचा आलेख काढायला मी आता अशाच मोजून ठेवलेल्या झेनरांतले देते, आणि आलेख जिथे वळतो तो आकडा पाकिटावरच्या आकड्याशी जुळला की त्यांना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. टी४ मध्ये ही सोय नाही. फक्त एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी टीसी१ च घ्या म्हणेन.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा जुन्या कॉम्प्युटरचा सर्वांत दुखरा भाग. १९९९ ते २००७ च्या सुमाराच्या मदरबोर्डांवर डोकं फुगलेले, तपकिरी रस गळालेले कपॅसिटर किती तरी जणांनी बघितले असतील. त्या काळात खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभर पसरले होते. फुगलेला असेल तर मोजायचीही गरज नाही, सरळ बाजूला. पण न फुगलेलाही आतून वाळलेला असू शकतो, आणि तो साध्या मल्टिमीटरच्या मायक्रोफॅरडच्या आकड्यात अनेकदा पकडला जात नाही. टेस्टर तीन आकडे देतो: धारकता, ईएसआर म्हणजे आतला रोध, आणि व्ही-लॉस म्हणजे चार्ज केल्यावर किती टक्के व्होल्टेज गळून गेलं. एसएमपीएसच्या आउटपुटवरचा हजार मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर ईएसआर ओहमच्या शंभराव्या भागांत दाखवतो. तोच एक-दोन ओहम दाखवू लागला तर मायक्रोफॅरड कितीही बरोबर असोत, तो संपलेला आहे. व्ही-लॉस दोन-तीन टक्क्यांच्या वर गेला तरी मी ठेवत नाही. स्टँडबायच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरजवळचे दहा, बावीस, सत्तेचाळीस मायक्रोफॅरडचे बुटके कपॅसिटर आवर्जून मोजा. शेजारच्या उष्णतेनं ते सर्वांत आधी वाळतात, आणि वरून अगदी नवे दिसतात.

आयसींच्या बाबतीत टेस्टरला काही विचारू नका. टीएल४९४ किंवा त्याचाच जुळा केए७५००, एलएम३३९, ऑप्टोकपलर पीसी८१७ यांची नावं वाचून ओळखायची. टीएल४३१ दिसायला ट्रान्झिस्टर, पण आत पूर्ण सर्किट. त्याला टेस्टर काहीतरी भलतंच नाव देतो. तीन पायांच्या रेग्युलेटरचंही तेच. म्हणून माझा नियम असा: आधी भिंगातून वाचायचं, नावावरून डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) काढायची, आणि मग मोजायचं. टेस्टरचा आकडा आणि डेटाशीट जुळले तरच तो भाग पाकिटात जातो.

मदरबोर्डाकडे मी थोडक्यात येते, कारण काढायला वेळ जातो आणि हाती कमी लागतं. २००६ नंतरच्या बोर्डांवर बहुधा शिसं नसलेलं सोल्डर असतं. ते २१७ अंशांच्या वर वितळतं, तर आपलं नेहमीचं शिसं-कथील १८३ ते १९० च्या आसपास. सांध्यावर आधी आपलं नेहमीचं सोल्डर थोडं चढवायचं, दोन्ही मिसळतात, आणि मग पंपानं ओढायचं. खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर हात धुवा.

मदरबोर्डावरचे मॉस्फेट मात्र जरूर काढा. प्रोसेसरजवळ ते रांगेनं बसलेले असतात, कमी व्होल्टेजवर उघडणारे असतात, आणि टेस्टर त्यांचा व्हीटी म्हणजे उघडायचा व्होल्टेज सांगतो. दीड-दोन व्होल्ट आला तर पाच व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरवरून तो आरामात चालेल. शेजारच्या जाड तारेच्या कॉइल टेस्टरला दिसत नाहीत. त्याची कॉइलची सुरुवातच ०.०१ मिलिहेन्रीला होते आणि या कॉइल एक-दोन मायक्रोहेन्रीच्या. तो त्यांना नुसता बारीक रोध म्हणतो. हे चूक नाही, त्याच्या आवाक्यात ते नाही.

तीळ एवढ्या एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटवलेल्या) भागांत रोधांवर आकडे असतात: १०३ म्हणजे दहावर तीन शून्यं, दहा हजार ओहम, ४आर७ म्हणजे ४.७. तीन पायांच्या काळ्या ठिपक्यांवर संकेत असतात: १एएम हा एसएमडीतला ३९०४, ए७ हा बीएव्ही९९ ही डायोडची जोडी, ७०२ हा २एन७००२ मॉस्फेट. संकेत मात्र कंपनीगणिक बदलू शकतो, म्हणून टेस्टरची साक्ष घ्याच. आणि खाकी रंगाच्या सिरॅमिक कपॅसिटरांवर काहीच लिहिलेलं नसतं. एक अक्षर नाही. त्यांची ओळख मोजूनच होते, दुसरा मार्ग नाही. हूकच्या वायरींनी ते धरता येत नाहीत; मी चिमट्याच्या दोन टोकांना वायरी जोडून घेतल्यात. पण टेस्टर धारकताच सांगतो, किती व्होल्ट सोसेल ते सांगत नाही. त्यातही या जातीचे बरेच कपॅसिटर व्होल्टेज चढलं की धारकता गमावतात, आणि टेस्टरच्या पाच व्होल्टखाली ते दिसत नाही. म्हणून काढतानाच बघून ठेवते की तो कपॅसिटर बोर्डावर कुठल्या व्होल्टेजच्या लाइनवर होता, ३.३ वर, पाचवर की बारावर. पाकिटावर तो आकडा जातो, आणि त्याच्या वरच्या व्होल्टेजला तो कधी वापरला जात नाही. टेस्टर न सांगणारी ही माहिती बोर्ड सांगतो. भाग काढण्याआधी त्याचा शेजार बघणं म्हणूनच गरजेचं.

सर्किटला ठरावीक गतीचे ठोके देणारा क्रिस्टलही टेस्टरला कळत नाही, पण त्याच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो. १४.३१८ मेगाहर्ट्झचा तर जुन्या बोर्डांवर जवळजवळ ठरलेलाच. अमेरिकी रंगीत टीव्हीच्या ३.५७९५४५ मेगाहर्ट्झची ती बरोबर चौपट. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत याच आकड्याला तीननं भागून प्रोसेसरला ४.७७ मेगाहर्ट्झ दिले होते. बॅटरीजवळची चांदीची बारीक नळी म्हणजे ३२,७६८ हर्ट्झचा घड्याळाचा क्रिस्टल. दोननं पंधरा वेळा भागलं की एक सेकंद. मुलांना हे सांगितलं की डबा उघडायची त्यांची घाई थोडी कमी होते आणि बघायची वाढते.

दोन वस्तू मी मुलांना उघडू देत नाही. जुना काचेचा, नळीचा मॉनिटर, कारण त्यात हजारो व्होल्ट असतात आणि नळी स्वतःच ते साठवून ठेवते. आणि डीव्हीडी रायटरचं लेझर: त्यातली मोटर, गिअर, दांडा सगळं घ्या, लेझर पेटवू नका. डोळा परत मिळत नाही.

टेस्टर वापरताना दोन सवयी लावून घ्या. नुकताच सोल्डरमधून काढलेला भाग गार होऊ द्या. सिलिकॉन जोडाचं व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टनं उतरतं, त्यामुळे गरम डायोडचा आकडा खोटा येतो. आणि अधूनमधून कॅलिब्रेट करा: १, २, ३ भोकं तारेनं एकत्र जोडून बटन दाबलं की तो स्वतःहून सुरू होतो, अर्ध्यात तारा काढायला सांगतो आणि मग पुरं करतो. सोबतच्या वायरींचा रोध आणि धारकता यानं वजा होते, त्यामुळे ज्या वायरी रोज वापरायच्या त्याच लावून करा. पिकोफॅरडच्या कपॅसिटरांना आणि ईएसआरला याचा फरक स्पष्ट पडतो.

भाग बोर्डावर असताना मोजायचा प्रयत्न करू नका. आजूबाजूचं सगळं सर्किट त्यात मिसळतं आणि पडद्यावर येणारं नाव निरर्थक असतं. निदान एक पाय तरी मोकळा हवा.

तक्रारी म्हणाल तर सॉकेट. एसएमपीएसमधले जाड पाय त्यात नीट जात नाहीत, जबरदस्ती केली तर आतले स्प्रिंग सैल होतात. जाड पायांना हूकच वापरा. पडदा उन्हात वाचता येत नाही. बॅटरी सीलबंद आहे, ती कधी खराब झाली तर डबी उघडून बदलावी लागेल. त्यापेक्षा टी४ ची चौकोनी बॅटरी बरी, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. टीव्हीच्या रिमोटचा संकेत वाचायची सोयही यात आहे. ती एनईसी पद्धतीनं (एका ठरावीक संकेत-रचनेनं) चालणाऱ्या रिमोटना चालते, मला तिचा फारसा उपयोग झालेला नाही.

ट्रायॅक आणि एससीआर (त्याच जातीचा, एकाच दिशेचा स्विच) तुम्हाला वरचेवर मोजायचे असतील तर हा घेऊ नका. छोटे ओळखतो, मोठ्यांना गेटला जेवढी वीज लागते तेवढी त्याच्याकडे नाही. फक्त कॉइल आणि बारीक कपॅसिटर मोजायचे असतील तर खरा एलसीआर मीटर (कॉइल, कपॅसिटर आणि रोध मोजणारा) घ्या, महाग पडेल पण तो त्यासाठीच बनवलेला असतो. शाळेची प्रयोगशाळा, दुरुस्तीचं छोटं दुकान, किंवा घरी बसून जुने बोर्ड उघडणारं कुणी असेल, तर या किमतीत यापेक्षा उपयोगी वस्तू मला माहीत नाही.

विकत घेताना ऑनलाइनपेक्षा समोर बघून घ्या. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड. खिशात तीन वस्तू न्या: एक टक्क्याचा एक रोध, नवा कोरा शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि एक बीसी५४७. काउंटरवरच टेस्टर सुरू करायला सांगा, तिन्ही मोजा, बीसी५४७ उलटा घालून पुन्हा मोजा. पायांचे आकडे उलटे यायला हवेत आणि गेन साधारण तोच. झेनर जवळ असेल तर के-ए-ए भागही तपासा. मोजू देत नाही म्हणाले तर पुढच्या दुकानात जा. दोन्हीकडे दुकानांना तोटा नाही.